पंडिता रमाबाई, दुष्काळ आणि यिर्मयाचे शेत

१/ आजचा धागा पंडिता रमाबाईंवर आहे. मात्र त्यांच्या चरित्राचा आढावा घेणे हा त्याचा हेतू नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ऐकू कमी येणाऱ्या या विधवा स्त्रीने मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून त्यांना सांभाळण्याची जबाबदारी अंगावर घेतली. हाताशी पुरेसा पैसा नव्हता. पुण्यातील प्रतिष्ठितांचा पाठिंबा तीन-चार वर्षांपूर्वीच गेला होता. मग हे ओझे उचलण्याचे धैर्य आले कोठून? रमाबाईंनी स्वतः दिलेले उत्तर स्पष्ट आहे : बायबलमधील एका अभिवचनातून. आपण मात्र हे उत्तर वाचतो आणि पुढे सरकतो. ते गांभीर्याने वाचले पाहिजे, हे या धाग्यातील माझे मत.

२/ आपल्या वाचनातील एक विषमता आधी नोंदवते. लोकमान्य टिळकांनी १९१०-११ मध्ये मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले, १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून टिळकांचे राजकारण समजून घ्यायचे तर गीता वाचावी लागते हे सर्वांना मान्य आहे. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता-प्रवचनांबद्दलही तेच. रमाबाईंची वेळ आली की मात्र ‘समाजसुधारक’ हा शब्द पुढे होतो आणि बायबल तळटीपेत जाते. काहींना ते अडचणीचे वाटते म्हणून, काहींना अनावश्यक वाटते म्हणून. परिणाम एकच : त्यांच्या कृतीमागचा विचार आपल्याला दिसत नाही.

३/ प्रथम ग्रंथातील रचना पाहू. बायबलमध्ये मोठे काम अंगावर आलेला माणूस बहुधा घाबरलेला असतो. मोशेला मिसरच्या राजासमोर उभे राहायला सांगितले जाते तेव्हा तो विचारतो की, मी असा कोण? यिर्मया म्हणतो की, मी तर अजून पोर आहे. मोशेच्या मृत्यूनंतर यहोशवावर अख्ख्या लोकसमूहाचा भार येतो आणि त्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागते की, खचू नकोस. गंमत अशी, की ‘मी लायक आहे का?’ या प्रश्नाला ‘होय, तू लायक आहेस’ असे उत्तर कोठेच मिळत नाही. मिळते ते एवढेच : मी तुझ्याबरोबर असेन.

४/ म्हणजे या परंपरेतील अभिवचन हे यशाची हमी नसून सोबतीचे वचन असते. शिवाय ते कधीच एकटे येत नाही. त्याला आज्ञा जोडलेली असते. ऊठ, जा, बोल, नदी ओलांड. दिलासा मिळाला म्हणून कामातून सुटका होत नाही, उलट काम तेथून सुरू होते. रमाबाईंचे प्रकरण वाचताना हा धागा हातात ठेवा.

५/ आता रमाबाई. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत फिरे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. देवतांना प्रसन्न करण्यासाठी अनुष्ठाने केली, दाने दिली, होते ते द्रव्य संपले आणि शेवटी रानातील पाने खाण्याची वेळ आली, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. कोणत्याही धर्माबद्दल निवाडा देण्यासाठी हे मी सांगत नाही. वचनावर विसंबून राहणे आणि उपाशी मरणे या दोन गोष्टी एकाच घरात नांदू शकतात, हे रमाबाईंनी सोळाव्या वर्षी पाहिले होते. त्या भाबड्या नव्हत्या, हे लक्षात यावे.

६/ पुढचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १८७८ मध्ये कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह. १८८२ मध्ये वैधव्य, कडेवर लहानगी मनोरमा. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज आणि हंटर आयोगापुढे साक्ष. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेत गमन. तेथे बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे आर्थिक मदतीचे आश्वासन दिले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले.

७/ सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या समजुतीवर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेणारे जोतीराव फुले १८९० मध्येच निवर्तले होते. शहराच्या दृष्टीने रमाबाई आता एकट्या होत्या. अमेरिकेतील मदतीची दहा वर्षेही संपत येत होती.

८/ येथे लोणावळ्याचा प्रसंग येतो. दुष्काळापूर्वी तेथे भरलेल्या एका ख्रिस्ती शिबिराला रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. एके दिवशी पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या. सूर्योदय पाहताना मनात प्रार्थना उमटली : या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे पुढच्या शिबिरापर्यंत दोनशे पंचवीस व्हाव्यात. मागणे मोठे होते आणि त्यांना स्वतःलाच ते धाडसाचे वाटले. त्या दिवशीच्या वाचनात यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायातील वचन समोर आले. त्याचा आशय असा, की सर्व प्राणिमात्रांचा जो देव, त्याला अशक्य असे काय आहे? रमाबाईंनी ते आपल्यासाठीच उच्चारलेले मानले.

९/ बहुतेक चरित्रे येथे थांबतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुढे जाऊन विचारावे की, मुळात हे वचन कोणत्या परिस्थितीत आले? ग्रंथातील कथेनुसार, बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे. शहर पडणार, हे यिर्मया उघडपणे सांगतो आणि त्यासाठी तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनमेल येऊन म्हणतो की, अनाथोथचे माझे शेत विकत घे. शत्रूच्या ताब्यात गेलेल्या मुलखातील शेत कोण घेईल? यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो, एक प्रत मोहरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही प्रती मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील.

१०/ व्यवहार झाल्यावर त्याला शंका येते. शहर जाणार आणि तू मला शेत घ्यायला लावतोस? त्या शंकेवरील उत्तर म्हणजे रमाबाईंना भिडलेले वचन. ते उत्तर पुढे काय सांगते, तेही वाचावे : शहर पडेल, जळेल, नंतर, फार नंतर, या भूमीत पुन्हा शेते विकली-घेतली जातील. म्हणजे ‘अशक्य काय आहे?’ या वाक्यात संकट टळण्याचे आश्वासन नाही. संकट येणारच आहे, हे गृहीत धरून दिलेला तो धीर आहे. आणि हा धीर खरेदीखताच्या रूपाने व्यक्त होतो.

११/ आता केडगावकडे पाहा. अमेरिकेची मदत थांबल्यावर सदनाला स्वतःचे उत्पन्न असावे, म्हणून रमाबाईंनी पुण्याच्या पूर्वेस, रेल्वेमार्गालगत सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. फळबाग करायची, विहीर खोदायची, फळे विकून खर्च भागवायचा, असा तो हिशेब होता. मग मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेथे गेल्या. मदतकेंद्रांतील आणि रस्त्यांवरील मुलींची अवस्था पाहिली. वीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार त्यांना आठवली. मुली पुण्यात आणल्या तोच शहरात प्लेगचे निर्बंध आले आणि इतक्या मुलींना तेथे ठेवणे अशक्य झाले. मग त्यांना नेले कोठे? केडगावच्या त्या शेतावर, प्रथम तंबूंत आणि झोपड्यांत.

१२/ यिर्मयाचे अनुकरण म्हणून रमाबाईंनी शेत घेतले, असा दावा मी करत नाही. तसा पुरावा नाही. सांगायचे आहे ते वेगळे. अभिवचनावर विसंबणे म्हणजे हात जोडून वाट पाहणे, ही आपली समजूत या प्रकरणात टिकत नाही. प्रार्थना आणि विहीर, वचन आणि जमाखर्च एकाच हातात आहेत. मुलींना केडगावला नुसते जेवण मिळाले नाही. विणकाम, शेती, दूधदुभते, तेलघाणा, पुढे छापखाना असे उद्योग उभे राहिले. अंध मुलींना ब्रेल शिकवले गेले. १९०० च्या दुष्काळानंतर, गुजरातेतून आलेल्या मुलींसह, मुक्ती सदनातील संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली.

१३/ १८९९ मध्ये केडगावच्या चर्चची कोनशिला बसवली तेव्हा तिच्यावर जखऱ्याच्या ग्रंथातील वचन कोरले. आशय : हे बळाने होणार नाही, सत्तेने होणार नाही, माझ्या आत्म्याने होईल. हे वचन मुळात जरुब्बाबेल नावाच्या माणसाला उद्देशून आहे. निर्वासातून परतलेल्या मूठभर लोकांचा नेता, डोक्यावर इराणचे साम्राज्य, समोर मोडून पडलेले मंदिर. पुन्हा तेच : अपुऱ्या साधनांनिशी मोठे बांधकाम हाती घेतलेला, धास्तावलेला माणूस. रमाबाईंच्या निवडीत सातत्य आहे. विजेत्यांना उद्देशून असलेली वचने त्यांनी कोरली नाहीत.

१४/ आता आक्षेप. पहिला आक्षेप साधनचिकित्सेचा. लोणावळ्याची कथा आपल्याला रमाबाईंच्या नंतरच्या कथनातून मिळते. दोनशे पंचवीसचा आकडा ओलांडला गेल्यावर सांगितलेली प्रार्थना ही फळ पाहून सांगितलेली प्रार्थना असते. जी मागणी फळली ती लक्षात राहते. हे खरे आहे आणि कोणत्याही आत्मकथनाला ते लागू आहे. म्हणून वचनामुळे मुली आल्या, असे इतिहासकार लिहू शकत नाही. मुली दुष्काळामुळे आल्या. वचनामुळे काय झाले, तर त्या आल्या तेव्हा दार उघडे ठेवण्याचे बळ एका व्यक्तीला मिळाले. एवढे विधान पुराव्याने पेलते.

१५/ दुसरा आक्षेप साधनसामग्रीचा : अमेरिकेचा पैसा, मिशनऱ्यांचे जाळे आणि रेल्वे नसती, तर श्रद्धेने काय झाले असते? हेही खरे. १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि तेथील संस्थेची नव्याने बांधणी झाली. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांच्यासारख्यांची, केवळ प्रार्थनेवर विसंबून अनाथालये चालवणाऱ्यांची चरित्रे त्यांनी आवडीने वाचली होती. पण स्वतः पत्रे लिहिणे, हिशेब देणे, देणगीदारांना भेटणे त्यांनी कधी सोडले नाही. साधनांचे महत्त्व मान्य करूनही प्रश्न उरतोच. तीच साधने इतर अनेकांपाशीही होती. दोन हजार मुलींची जबाबदारी प्रत्येकाने घेतली नाही.

१६/ तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. उपाशी, पोरक्या मुलींना अन्न देणाराच धर्मही देतो, तेव्हा त्यांच्या होकाराला किती अर्थ? लोणावळ्यात मागितलेली दोनशे पंचवीस ही संख्या नुसत्या वाचलेल्या जिवांची नव्हती. ख्रिस्ताकडे वळलेल्या मुलींची होती. नेत्याला आपल्या वचनाची जितकी खात्री, तितकी त्याच्या हाताखालच्यांना शंका घेण्याची मुभा कमी. मुक्ती सदनात आयुष्य काढलेल्या बहुसंख्य मुलींचा स्वतःचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. रमाबाईंबद्दल आदर असणाऱ्यांनीही ही पोकळी कबूल केली पाहिजे. दिलासा नेत्याला धीर देतो. तो त्याला न्यायीही बनवतो, असे गृहीत धरू नये.

१७/ मात्र वचनाने त्यांना सत्तेपुढे मवाळ केले, असेही म्हणता येत नाही. १८९७ च्या मे महिन्यात रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून पुण्याच्या प्लेग इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीवर जाहीर ठपका ठेवला. त्या पत्राचा आधार पुढे इंग्लंडमध्ये गोखल्यांनी घेतला. मुंबईच्या गव्हर्नरांनी आरोप फेटाळले, रमाबाई मागे हटल्या नाहीत. ज्या सरकारच्या परवानगीवर आपली संस्था उभी आहे, त्याच सरकारला त्या खोटे पाडत होत्या. ‘बळाने नव्हे’ हे वाक्य कोनशिलेवर येण्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट.

१८/ मी येडशीची. आमच्याकडे दुष्काळ म्हटले की वडीलधारी माणसे ‘बहात्तर’ म्हणतात. सुकडी, मिलो आणि खडी फोडण्याची कामे यांच्या गोष्टी सांगतात. १८९७ मध्ये, केडगावच्या शेतावर तंबू पडत होते त्याच साली, बार्शी लाइट रेल्वेची गाडी कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावू लागली. पुढे तो मार्ग आमच्या येडशीवरून लातूरला गेला. कुर्डुवाडीला गाडी बदलून दौंडवरून पुण्याकडे निघाले की वाटेत केडगाव लागते. रमाबाईंचा इतिहास आम्हाला परका वाटतो, पण तो आमच्याच रेल्वेमार्गावर घडलेला आहे.

१९/ येडशीजवळ रामलिंगाच्या दरीत मंदिर आहे. सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाला जटायूने अडवले ते येथेच, असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. जटायूला कोणीही जयाचे वचन दिलेले नव्हते. म्हातारपणी, पंख कापले जातील हे दिसत असूनही तो आडवा आला. रामाची भेट त्याला मिळाली ती शेवटच्या श्वासापाशी. हा धीर कर्तव्यातून येतो. यिर्मयाचा आणि रमाबाईंचा धीर सोबतीच्या वचनातून येतो. दोन्ही परंपरा वेगळ्या आहेत, त्या एक आहेत असे म्हणण्याची गरज नाही. परंतु दोन्हींमध्ये जिंकण्याची खात्री ही कृतीची पूर्वअट नाही, एवढे साम्य मला महत्त्वाचे वाटते.

२०/ शेवटचा मुद्दा भाषेचा. उपलब्ध मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, साध्या स्त्रियांना ते कळत नाही, ही रमाबाईंची तक्रार होती. कॅरी यांच्या सेरामपूरच्या मराठी नव्या करारापासून, म्हणजे १८११ पासून, भाषांतराची खटपट चालू होती. संस्कृतात पदवी मिळवलेल्या या पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून सोप्या मराठीत सगळे बायबल नव्याने उतरवले. छपाईचे काम मुक्तीच्याच छापखान्यात स्त्रियांनी केले. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. तोवर भाषांतराचे काम त्यांनी पुरे केले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला.

२१/ हे भाषांतर मला तिसऱ्या आक्षेपाचे अपुरे, पण खरे उत्तर वाटते. ज्या शब्दांनी आपल्याला धीर दिला ते शब्द आपल्याच ताब्यात ठेवले, तर नेता गुरू होऊन बसतो. ते साध्या भाषेत इतरांच्या हाती दिले, तर वाचणारी स्त्री उद्या त्याच शब्दांच्या आधारे नेत्यालाही प्रश्न विचारू शकते. तसे मुक्तीमध्ये किती झाले, हा पुढच्या संशोधनाचा विषय आहे आणि तुमच्यापैकी कोणी तो हाती घ्यावा, अशी इच्छा आहे.

२२/ थोडक्यात माझे मत. श्रद्धा वगळून रमाबाईंना ‘सुधारक’ म्हणणे अपुरे आहे, आणि श्रद्धेलाच सर्व श्रेय देणे हा इतिहास नव्हे. नेत्याने जे वचन उराशी धरले ते मूळ संदर्भात वाचावे, त्याने त्यातून काय उचलले आणि काय सोडले ते पाहावे, मग त्या दिवसांचा जमाखर्च आणि त्या नेत्याच्या छायेत राहिलेल्यांची स्थिती तपासावी. हीच पद्धत टिळकांच्या गीतेला लावा, वारकरी कार्यकर्त्यांच्या अभंगांना लावा, आंबेडकरी चळवळीतील बुद्धवचनांनाही लावा.

२३/ आणि तुमच्यापैकी ज्यांच्यावर या वयात घराची, संस्थेची, गावातील एखाद्या कामाची जबाबदारी अचानक येऊन पडली आहे, त्यांच्यासाठी एक निरीक्षण. ‘मी पुरेशी आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंना कधी मिळाल्याचे दिसत नाही. त्यांनी तो प्रश्न बाजूला ठेवला आणि आज कोणाला जेवू घालायचे, विहीर कोठे खोदायची हे ठरवले. तुमच्या भागात दुष्काळात किंवा साथीत असे नेतृत्व केलेल्या स्त्रिया असतील, तर त्यांची नावे आणि त्यांच्याविषयीची कागदपत्रे या धाग्याखाली जरूर नोंदवा. पुढचा धागा त्यांतूनच निवडेन.